दर गुरुवारी वेगळ्या खुर्च्या

२ जानेवारी, मंगळवार

कुलसचिवांच्या कचेरीतून चिठ्ठी. ‘भांडाराची मागची खोली दर गुरुवारी चार वाजल्यापासून शाश्वत विकासावरील अनौपचारिक चर्चागटास देण्यात यावी. बैठक संपल्यावर भांडारपालाने कुलूप लावावे.’ अनौपचारिक म्हणजे काय, तर त्यांना शिपाई नाही, चहा नाही, निधी नाही. आणि मला नकार द्यायची सोय नाही! ते बसणार तोवर मी बसणार. निवृत्तीला पाच महिने उरले असताना हे विद्यार्जन!

दुपारी त्यांच्या म्होरक्या खोली बघायला आल्या. भूगर्भशास्त्राच्या बाई. आवाज असा की खडकसुद्धा उत्तर देईल. मागच्या खोलीत चाळीस लाकडी खुर्च्या एकावर एक रचलेल्या आहेत, एक्केचाळिसावी माझ्या बुडाखाली. बाईंनी विचारलं नाही, सवरलं नाही, सरळ एक खुर्ची ओढली. माझं डोकं फिरलं. नको ते बोलून गेलो - हात लावू नका, माझ्या वडिलांच्या हातच्या आहेत, ते इथले सुतार होते, फेब्रुवारीत सगळ्या भंगारात जाणार आहेत, तोवर तरी धड राहू द्या!

बाईंनी ती खुर्ची उलटी केली आणि किडलेली भाजी निवडावी तशी खालून न्याहाळत राहिल्या. खाली आप्पांनी पेन्सिलीने घातलेला आकडा असतो. तिच्यावर सतरा होता.

जाताना भांडाराचं नियमपुस्तक वाचायला मागितलं. चर्चेला विषय कमी पडत असावेत. दिलं.

४ जानेवारी, गुरुवार

पहिली बैठक. नऊ डोकी. विषय - प्लास्टिकच्या बाटल्या. नवांतल्या पाच जणांनी त्याच आणल्या होत्या, त्या खुर्चीखाली ढकलून बोलत होते. भौतिकशास्त्राचे एक सर आहेत, सायकलने येतात. सायकलने येतात हे पहिल्या दहा मिनिटांत चार वेळा कळलं. दुसरा संख्याशास्त्राचा तरुण मास्तर, त्याचं नाव मी आकडेबहाद्दर ठेवलंय. टक्केवारी सांगितल्याशिवाय त्याला श्वास घेता येत नाही. बाकीचे माना डोलावणारे.

साडेपाच वाजले. मी किल्ल्या वाजवल्या. कोणी ढिम्म हललं नाही! सहा वाजता बाईंनी मला विचारलं, “दोन तास झाले का हो?” मला वाटलं उठणार. कसलं काय, आणखी वीस मिनिटं.

शेवटी बाईंनी एक कागद माझ्या हातात ठेवला. बैठकीचं इतिवृत्त. कागद वाचवायचा म्हणून एकच प्रत, तीही जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर, हाताने लिहिलेली. जपून ठेवा म्हणाल्या. बारा नंबरची खुर्ची डुगडुगत होती. कागदाची चौपदरी घडी केली आणि तिच्या पायाखाली सारली. काय नेमकी बसली! वाया काही गेलं नाही. मलाही जमायला लागलं हे.

११ जानेवारी, गुरुवार

विषय - वीजबचत. म्हणून दिवे बंद. साडेपाचनंतर कोण बोलतंय ते आवाजावरून ओळखायचं. आकडेबहाद्दर खुर्ची समजून माझ्या मांडीवर टेकला, वर ‘माफ करा, सर’ म्हणाला. मला कुणी सर म्हणण्याची ही पहिलीच वेळ, तीही अंधारात.

पुढे मजा. पहारेकऱ्याने काळोख पाहिला आणि बाहेरच्या दाराला कडी घालून तो निघून गेला. दहा माणसं कोंडलेली! मी दार बडवतोय आणि आतून सायकलवाले सर विचारताहेत की दिवा लावून खूण करायला एकंदर किती वीज लागेल. त्यावर वाद. शेवटी खिडकीतून मीच ओरडलो. बाई मात्र शांत. “चला, आज अडीच तास तरी झाले,” म्हणाल्या. जणू काही लुटलंय!

घरी हिला सांगितलं. ही एवढी हसली की दूध उतू गेलं. ते मात्र वाया गेलं.

१२ जानेवारी, शुक्रवार

लक्षात आलं ते लिहून ठेवतो. मागच्या गुरुवारी ज्या नऊ खुर्च्यांचे सांधे मी सरस लावून पक्के केले होते, त्या काल कुणी घेतल्याच नाहीत. रचलेल्यांतून नव्या नऊ ओढल्या. आता त्याही आवळायला हव्यात. शिकलेल्या माणसांना एका जागी बसणं म्हणून माहीत नाही.

१८ जानेवारी, गुरुवार

पुन्हा नव्या नऊ!! मी स्पष्ट सांगितलं, मागच्या वेळच्या घ्या, त्या मी नीट केल्यात. बाई म्हणाल्या, “नीट केलेल्या राहू द्या की. मोडक्या आम्हाला द्या.” इतिवृत्त पाच नंबरच्या पायाखाली.

२५ जानेवारी, गुरुवार

ओल्या कचऱ्याची बादली आली. कोपऱ्यात ठेवून तिचं खत होणार म्हणे. संध्याकाळपर्यंत माशा जमल्या. गटाची सदस्यसंख्या वाढली, असं मी म्हटलं तर सगळे हसले, आणि आकडेबहाद्दराने ते लिहून घेतलं. काय लिहितात देव जाणे. बादली मी बाहेर नेऊन ठेवली.

पावणेसात! इतिवृत्त तेवीसच्या पायाखाली.

१ फेब्रुवारी, गुरुवार

आज चिडलो. विषय होता - वस्तू टाकू नका, दुरुस्त करा. दोन तास माझ्यासमोर दुरुस्तीचं महत्त्व! ज्या खुर्चीवर बसून सायकलवाले सर बोलत होते, तिची मागची पट्टी मी काल दुपारी जेवण सोडून बसवली होती. त्यांना पत्ताही नाही. बोलाचीच कढी.

पण खरा राग त्यांच्यावर नाही, हे इथे लिहायला हरकत नाही. डिसेंबरात वरून हुकूम आला, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्यात, लाकडी काढा. निकाम्या वस्तूंची यादी भांडारपालानेच करायची असते. मी केली. आप्पांनी माझ्या जन्माच्या वर्षी बनवलेल्या एक्केचाळीस खुर्च्या मी स्वतःच्या हाताने, चांगल्या अक्षरात, निकामी लिहिल्या. ते गेल्यावर सुताराची जागा रद्द झाली, तेव्हा मी कुणाला काही बोललो नाही. आताही नाही बोललो. एकदा तरी वर जाऊन सांगायला हवं होतं की अहो, एकही निकामी नाही, दुरुस्त करून देतो. तोंड उघडलं नाही. लाज वाटते.

ही म्हणते, “तुम्ही त्या प्राध्यापकांना सांगा ना. बोलायची एवढी हौस आहे त्यांना.” त्यांना काय सांगायचं? त्यांना पृथ्वी वाचवायची आहे. चाळीस खुर्च्या त्यात कुठे बसणार.

८ फेब्रुवारी, गुरुवार

आज नवल घडलं. विषय - पाणी. साडेचार वाजता सगळ्यांचं एकमत झालं! टाकीची गळती थांबवावी, बस्स. मी कुलूप हातात घेतलं. तेवढ्यात बाई म्हणाल्या की त्यांना हे अजिबात पटत नाही. आपल्याच म्हणण्यावर उलटल्या! दहा मिनिटांपूर्वी स्वतः मांडलेला मुद्दा स्वतःच खोडून काढत बसल्या, बाकीचेही हिरिरीने भांडायला लागले. सहा वाजून पाच मिनिटांनी त्याच गळतीवर पुन्हा एकमत. ही माणसं घरी काय करत असतील?

इतिवृत्त एकतीसच्या पायाखाली. आता जवळजवळ सगळ्या खुर्च्या सरळ उभ्या राहतात. भंगारात जातील तेव्हा ताठ जातील.

१२ फेब्रुवारी, सोमवार

पत्र आलं. ‘वापरात नसलेल्या लाकडी खुर्च्यांची पाहणी करून त्या मोडीत काढण्यासाठी तपासनीस गुरुवार दि. १५ रोजी दुपारी चार वाजता भेट देतील.’

गुरुवार, चार वाजता. ‘वापरात नसलेल्या.’ तीन वेळा वाचलं. कुणाला दाखवलं नाही. पण तपासनीस आत आला आणि खुर्च्यांवर माणसं बसलेली दिसली, तर? आयुष्यात पहिल्यांदा ही मंडळी वेळेवर यावीत असं वाटतंय.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

जेवण बाजूला ठेवून आधी हे लिहितो.

चार वाजता नऊच्या नऊ हजर. तपासनिसाचा पत्ता नाही. पाच वाजले, नाही. साडेपाच, नाही. मी दाराशी येरझारा घालतोय. सहाला बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, दोन तास झाले का? झाले म्हणालो. आणि काय सांगू, सगळे उठायला लागले! सायकलवाल्या सरांच्या घरी पाहुणे, आकडेबहाद्दराचं पोट बिघडलेलं. सहा आठवडे ज्यांना हाकलता हाकलता माझ्या नाकी नऊ आले, ते आज घड्याळ लावून उठत होते!

काही सुचेना. मग मी, आजवर त्यांच्या वादात कधी न पडलेला माणूस, बोललो.

“सर, तुमची सायकल परदेशातून मागवलीत ना? जहाजाने?”

“हो. का?”

“जहाज कशावर चालतं?”

मग जे काही पेटलं! आकडेबहाद्दर पोट विसरून जहाजांची टक्केवारी सांगू लागला. सर लाल झाले, खाली बसले, मुद्दे मांडू लागले. बाई माझ्याकडे बघून हसल्या आणि हळूच बसल्या. मी आगीत तेल ओतलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मजा आली.

साडेसहाला तपासनीस. बारीक, चष्मा, हातात यादी. मी लगबगीने उठून पुढे गेलो. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि बोटाने मोजलं.

“नऊ वापरात. त्या राहतील. उरलेल्या बत्तीस जातील.”

मी माझ्या खुर्चीतून उठलो होतो, म्हणून तीही बत्तिसांत! एवढा आटापिटा केला तो नवांसाठी. नवांचं गणित मला आधी का सुचलं नाही? माझ्या तोंडून निघालं, “साहेब, एकही निकामी नाही. मी सगळ्या दुरुस्त केल्यात.” त्यांनी मान हलवली. दुरुस्त असून चालत नाही म्हणाले, वापर लागतो. गेल्या सहा महिन्यांत एका खुर्चीवर माणूस दोन तासांहून जास्त सलग बसल्याची लेखी नोंद असेल तर ती मोडीत काढता येत नाही. दोन तासांखाली म्हणजे नुसतं टेकणं. नियमपुस्तकात आहे. नोंद असेल तर सोमवारी दहाच्या आत आणा.

माझ्याकडे कसली नोंद? माझ्या वहीत सगळ्या निकामी.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, “भांडारपालांकडे आमच्या सगळ्या बैठकांची इतिवृत्तं आहेत. ते आणतील.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, “आहेत.”

एकुलती एक प्रत. खुर्च्यांच्या पायांखाली. आणि त्यात असणार काय? बाटल्या, वीज, माशा. त्यांनी आप्पांच्या खुर्च्या कशा वाचणार?

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

बाई जिन्यात दिसल्या. मी मागच्या दाराने सटकलो.

१७ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी एकटाच जाऊन एकेका पायाखालून घड्या काढल्या. खुर्च्या पुन्हा डुगडुगायला लागल्या. कागद टेबलावर सपाट केले. पहिला वाचला. बाटल्यांबद्दल दीड ओळ. बाकीचं इथे जसंच्या तसं उतरवतो.

‘ठराव पहिला. या खोलीतील सर्व खुर्च्या वापरात ठेवणे. दर गुरुवारी वेगळ्या घ्याव्यात. दोन तासांच्या आत कोणीही उठू नये. विषय संपल्यास वाद काढावा. भांडारपालांना सांगू नये, ते आपल्याला खुर्च्यांना हात लावू देणार नाहीत.’

खाली त्या दिवशीच्या खुर्च्यांचे आकडे, बसणाऱ्याची सही, बसल्याची आणि उठल्याची वेळ. प्रत्येक कागदावर तसंच. सगळ्या कागदांवरचे वेगवेगळे आकडे मोजले. चाळीस भरले. पुन्हा मोजले. चाळीसच.

एक्केचाळिसावी शेवटच्या कागदावर, अगदी तळाला सापडली.

‘क्र. ४१ : हिच्यावर भांडारपाल स्वतः बसतात. रोज आठ तास. साक्षीदार आम्ही नऊ.’