पिशवी घेऊन धावणे

६ जानेवारी
वनरक्षक भरतीच्या लेखी परीक्षेत माझे नाव यादीत अगदी वर! आता केवळ धावण्याची चाचणी उरली: तीन किलोमीटर. महिना हाताशी आहे. दहावीला केंद्रात पहिली आलेली मुलगी नियोजनाच्या बळावर धावूही शकते. वेळापत्रक तयार केले, दोन रंगांच्या शाईत.
बाबांनी मात्र बजावले आहे: नोकरी लागली तर ठीक, नाहीतर मनमाडचं रेल्वेतलं स्थळ बघायला येईल. हे वाक्य वेळापत्रकाच्या मागे लिहिले. प्रेरणेसाठी.

७ जानेवारी
धुके. थंड स्नायूंवर अचानक ताण देणे अशास्त्रीय, असे वाचनात आले. वाचन हेही तयारीचेच अंग होय.

९ जानेवारी
घरातच दोरीवरच्या उड्या मारायचे ठरवले. बाबा सातपूरहून रात्रपाळी करून नुकतेच निजले होते. तिसऱ्या उडीला उठले. म्हणाले, कंपनीत प्रेस मशीन, घरात पण प्रेस मशीन का? दोरी आईने कपडे वाळत घालायला घेतली.

१२ जानेवारी
जॉगिंग ट्रॅकवर गेले. सगळे माझ्याकडेच पाहत होते. बाकावर बसून इतरांच्या धावण्याचे निरीक्षण केले. अत्यंत उपयुक्त.

१५ जानेवारी, सकाळी
तोडगा सापडला! नुसती धावणारी मुलगी लोकांच्या डोळ्यांत भरते. हातात पिशवी घेऊन धावणारी मुलगी केवळ घाईत असते. कापडी पिशवी घेऊन गल्लीतून धावले. कोणीही हसले नाही. कोपऱ्यावर शेजारच्या छायाकाकूंनी अडवले. म्हणाल्या, अगं, मार्केटला निघालीस का? माझी मेथी आण ना, कोवळी बघून.
नाही म्हणता आले नाही. कारण सांगावे लागले असते. भरतीचे घराबाहेर कोणालाच सांगितलेले नाही. निवड झाल्यावर गल्लीला एकदमच कळावे.
मेथी कोवळी मिळाली.

२० जानेवारी
गल्लीला माझी वेळ पाठ झाली आहे. काकूंची भाजी, वरच्या मजल्यावरच्या झुंबरआजोबांच्या बीपीच्या गोळ्या, आमच्या घरचे दूध. वेग घेतला की हाक येते, मी थांबते, पुन्हा धावते. तज्ज्ञ यालाच इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात.

२८ जानेवारी
पिशवी जड असते. भारामुळे शक्ती वाढते, हे सर्वमान्य आहे.
काकू आईला म्हणाल्या, तुमची पोरगी म्हणजे सोनं, एका हाकेत थांबते हो! आई म्हणाली, मनमाडवाल्यांना हे आवर्जून सांगायला हवं. सगळ्या हाका मला एकाच दाराकडे लोटत आहेत, असे क्षणभर वाटले. झोप अपुरी झाली असावी.

७ फेब्रुवारी, दुपारी
चाचणी झाली.
छातीवर क्रमांक होता. हात मोकळे होते. मोकळ्या हातांचे काय करायचे ते प्रथम सुचेना. मग आश्चर्य घडले. दम लागला नाही! पुष्कळ मुली मागे पडल्या. शेवटच्या फेरीत माझ्या बाजूने धावणारी सुरगाण्याची मुलगी पोट धरून खाली बसली. म्हणाली, ताई, पाणी दे ना जरा.
मी थांबले. ट्रॅक सोडून पाण्याच्या जारपाशी गेले, पेला भरून आणला. ती प्यायली, उठली आणि धाव पूर्ण करून आली. चाचणी घेणारे साहेब मला म्हणाले, मॅडम, तुम्ही ट्रॅक सोडलात, बाद. तुम्हाला कोणी सांगितलं होतं पाणी आणायला?
पेला जागेवर ठेवून आले.

८ फेब्रुवारी
बाबांनी मनमाडला फोन केला.
एक गोष्ट नोंदवून ठेवते: स्टॅमिना उत्तम आहे. पुढच्या भरतीत केवळ थांबण्याचा प्रश्न सोडवायचा आहे. वेळापत्रक तेच चालेल.

११ फेब्रुवारी, सायंकाळी
पाहुणे उद्या येणार. आईने पिशवी दिली: पोहे, कोथिंबीर, लिंबे. वाटेत झुंबरआजोबांनी हाक मारली. दूधवाल्यानेही मारली. थांबले नाही. धावत गेले, धावत आले.
दारात छायाकाकू उभ्या होत्या. माझ्याकडे पाहतच राहिल्या. म्हणाल्या, बाई गं, केवढी पळतेस! एखाद्या भरतीला का नाही जात?