ताडाच्या माथी मारलेला अपघात

प्रिय दादा,

काल उमरोळीला तुझं तेरावं झालं. पंगती उठल्यावर तुझ्याबरोबर कारखान्यात काम करणारा रघुनाथ मला परसात घेऊन गेला आणि खाली मान घालून म्हणाला, "सुमनताई, दादा त्या टायमाला ताडावरून पडलाच नवता." तेव्हापासून माझं रडणं थांबलंय. राग आलाय मला. समोर असतास तर कडाकडा भांडले असते. नाहीस, म्हणून लिहिते आहे.

गेल्या वर्षी तुझा पाय मोडला, तेव्हा मी तुला किती चिडवलं होतं! बाबांचा जन्म ताडी काढण्यात गेला, कारखान्यात लागेपर्यंत तूही त्यांच्यामागून ताड चढायचास, आणि आता घरच्याच झाडानं पाडलं, म्हणून. तूही हसलास. काय म्हणून हसलास रे?

तेव्हा मुंबईचे ते डॉक्टर आमच्या दवाखान्यात संशोधन करत होते. पालघर-बोईसरकडची माणसं कशानं जायबंदी होतात, त्यांना दवाखान्यात कसं आणतात, वाटेत काय बिघडतं, हे शोधून अपघातच टाळायचे, असं त्यांचं काम. घरोघरी विचारत फिरायचं नर्स म्हणून माझ्याकडे आलं. तुझ्या खाटेशी बसून मी तुलाही विचारलं. झाड कोणतं? बुंधा ओला होता का? उचलून कोणी आणलं? तू न अडखळता सांगत गेलास. विहिरीकडचा वाकडा ताड, म्हणे, दंवानं निसरडा झालेला. सख्ख्या बहिणीच्या डोळ्यांत बघून!

मी त्या ताडावर इतकी चिडले की तो तोडायला लावला. बाबांच्या हातचा ताड. त्यावर कुऱ्हाड पडत होती तेव्हा तू ओट्यावर पाय लांब करून बघत बसला होतास. निदान तेव्हा तरी तोंड उघडायचंस!

रघुनाथनं सगळं सांगितलं. कारखान्यातल्या टाकीवरच्या लोखंडी शिडीची पायरी गंजून गेली होती, ती तुझ्या पायाखाली तुटली. मी गावोगाव शिकवत होते, मोडलेल्या पायाला दोन्हीकडून फळी बांधल्याशिवाय माणूस हलवू नका. आणि माझ्याच भावाला टेम्पोत पोत्यासारखं टाकलं. त्या हादऱ्यांनी पाय कायमचा अधू झाला. टेम्पोतच मुकादमानं तुला पढवलं, "ताडावरून पडलो म्हनून सांग. तुमच्या गावात कोनाला नवल वाटनार नाय." कारखान्याचं नाव निघालं तर चौकशी येईल, गप्प राहिलास तर कायम करून घेतो, असं त्याचं आमिष. तू विश्वास ठेवलास. त्या मुकादमावर ठेवलास, माझ्यावर नाही!

कायम झालास का? लंगडत पुन्हा त्याच शिडीवर चढलास. पायरीच्या जागी त्यांनी म्हणे तार गुंडाळली होती. ती सुटली आणि तू गेलास.

आणि ऐक, तुझ्या प्रेताशेजारी उभं राहून तो मुकादम पोलिसांना काय म्हणाला. याचा पाय आधीच ताडावरून पडून अधू झालेला, तोल गेला असेल, शिडीचा काय दोष? दवाखान्यात विचारा, असंही वर म्हणाला. मी तिथेच होते. मला ते खरं वाटलं, दादा! तुझं खोटं त्यानं तुझ्यावरच उलटवलं आणि साक्षीला माझा दवाखाना उभा केला.

तू एकटाच नव्हतास. सरावली गावात राहणारे, कारखान्यातलेच आणखीही काही जण असेच मुकादमाच्या सांगण्यावरून ‘ताडावरून पडले’ होते, असं रघुनाथ म्हणतो. म्हणजे मी दारोदार उन्हातून फिरून खोटंच गोळा केलं. डॉक्टरांच्या संशोधनात पहिलं कारण निघालं ताड. ताडी काढणाऱ्यांना झाडाला बांधून घ्यायचे कमरेचे पट्टे वाटले गेले. लक्ष्मणकाका तर भडकलेच, मला म्हैस समजता काय, दोरानं बांधायला? आम्ही सगळे हसलो होतो. कारखान्यातल्या शिडीकडे मात्र कोणी वर मान करून बघितलं नाही. बघणार कसं? तिचं नाव कोणी घेतलंच नव्हतं.

वहिनी म्हणते, झालं गेलं गंगेला मिळालं, आता गप्प बसा. कारण काल मुकादमही जेवायला आला होता. दादाच्या जागी गणूला लावून घेतो, म्हणाला. आपला धाकटा भाऊ गणू, बायको पोटुशी असलेला. वहिनीनं त्या माणसाला आग्रह करून लाडू वाढला. तिचंही चुकलं म्हणवत नाही, घरात मिळवणारं कोण उरलंय? सोमवारी गणू त्याच टाकीवर जायचा आहे.

दादा, शनिवारी पालघरला सभा आहे. डॉक्टर आपलं संशोधन सरकारी साहेबांपुढे वाचून दाखवणार आहेत. मी त्यांना आधीच गाठून सगळं सांगेन. नाहीच जमलं, तर ते ताडाचं नाव घेतील तेव्हा भर सभेत उठून सांगेन, की माझा भाऊ कारखान्याच्या शिडीवरून पडला, दोन्ही वेळा. रघुनाथ बरोबर येतो म्हणालाय. नाही आला तरी मी जाईन. वहिनी माझ्याशी बोलणं टाकेल, गणूची नोकरी जाईल. जाऊ दे. मुकादमाला दिलेला शब्द तू मरेपर्यंत पाळलास. तो मी मोडणार आहे.

तुझ्यावर अजून रागावलेली,
सुमन