पहिली टाळी

१ जुलै

पोचले एकदाची! बॅगेचं एक चाक वाटेत निखळलं, तर उरलेल्या वाटेवर तिला कडेवर घेऊनच आले. पण आज कशाचाही राग येत नाहीये. लिहून ठेवते, पुन्हा असा दिवस कधी उगवेल कोण जाणे.

खोली लहान आहे, पण खिडकीतून आमचा विभाग दिसतो. पूर्वी ते गोदाम होतं म्हणे. आत काळी जमीन, काळे पडदे, आणि तो लाकडाचा, रंगाचा, बंद पेटीतल्या कपड्यांचा वास. दारात उभी राहिले आणि चक्क डोळे भरून आले. नाट्यकलेची पदव्युत्तर पदवी, आणि ती घ्यायला आलेली मी! बाबा म्हणाले होते, तोंडाला रंग फासायला पदवी कशाला लागते? त्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. ताई मध्ये पडली नसती तर मी अजून घरातच भांडत बसले असते.

ही डायरी ताईचीच भेट. सेफ्टी पिनांची डबी, बाम आणि ही. म्हणाली, राग आला की आधी यात लिही, मग तोंड उघड. घरात मला मिरची म्हणतात ते काही रंगावरून नाही.

खोलीत जोडीला दुसऱ्या वर्षाची मुलगी आहे. सगळे तिला कोरी म्हणतात. नाव आमच्या विभागाच्या सरांनी दिलंय; नट कोऱ्या कागदासारखा असावा, असं त्यांचं म्हणणं. गोड आहे बिचारी. माझी बडबड मन लावून ऐकत होती.

४ जुलै

आज पहिली सोपवणी झाली, दोन्ही वर्षांची मिळून. इथली खास पद्धत आहे ही, बाहेर कुठे नाही म्हणे. एकाने आपल्या आयुष्यातली खरी घडलेली गोष्ट सगळ्यांसमोर सांगायची, आणि दुसऱ्याने ती लगेच करून दाखवायची. संपल्यावर पहिली टाळी सांगणाऱ्याची. तोवर वर्गात कुणी हात हलवायचा नाही. सर म्हणाले, टाळी म्हणजे ‘आता हे तुझं’. मला फार आवडलं ते.

मी कुत्र्याची गोष्ट दिली. शेजारच्यांचा कुत्रा माझ्या पोटरीला चावला, ताईने त्याला केरसुणी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत पळवलं, आणि परत येऊन माझ्यापेक्षा मोठ्याने तीच रडली. कोरी उभी राहिली. बाई गं, काय केलं तिने! ताईला कधी पाहिलेलं नाही, पण पदर खोचायची ढब तीच. हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या मी.

माझ्या अभिनयाबद्दल सर म्हणाले, हा अभिनय नाही, ही आरडाओरड आहे. शहाणेच आहेत! पण असू दे, शिकायलाच आलेय.

२० जुलै

ताईचा फोन. बोलता बोलता म्हणाली, त्या कुत्र्याची आठवण झाली आज. मी विचारलं, कुठला कुत्रा? ती हसत सुटली. मला वाटलं, थट्टा करतेय.

फोन ठेवून ही डायरी चाळली. माझंच अक्षर, माझाच कुत्रा. वाचलं, आणि काही म्हणजे काहीच आठवलं नाही. दुसऱ्या कुणाचं वाचावं तसं वाटलं. पोटरीवर दातांचे व्रण आहेत, ते कसले म्हणून मी गेले आठवडाभर विचार करत होते.

तालमींनी डोकं शिणलंय, दुसरं काय. पण एक गंमत सांगते. आज गल्लीतल्या कुत्र्याला मी बिस्किटं घातली, तर कोरी किंचाळून माझ्यामागे लपली. जिना चढतानाही डावा पाय जपून टाकते. आल्या दिवशी असं नव्हतं.

९ ऑगस्ट

आज सरांनी सांगितलं, जी गोष्ट कुणालाच देणार नाही, ती सांगा. मला कसला चेव आला कोण जाणे. सांगितली.

आई गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं आणि माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ताईने मला मागच्या खोलीत नेलं, पाठमोरं बसवलं आणि केस विंचरायला घेतले. म्हणाली, रडायचंय ना? वेणी होईस्तोवर रड, मग बाहेर जायचंय. मी रडले. वेणी झाली. माझं रडणं संपलं नव्हतं. तिने काही न बोलता वेणी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला लागली. अशी किती वेळा, देव जाणे.

कोरी उठणार तेवढ्यात सरांनी तिला थांबवलं. म्हणाले, ही वार्षिक प्रयोगासाठी राखून ठेवू.

राखून ठेवू! जणू त्यांच्या घरचं लोणचं आहे! डोक्यात तिडीक गेली.

२ सप्टेंबर

कपडेपटातल्या बाईंकडे मापं द्यायला गेले होते. सदा हसतमुख, सुईत दोरा ओवता ओवता गुणगुणणाऱ्या. विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या? म्हणाल्या, इथलीच असेन. पदवी घ्यायला आले होते मीही, खूप छान चाललं होतं. आई कुठे असते, विचारलं. त्या विचारात पडल्या. मग हसून म्हणाल्या, असेल ना. आई असतेच की सगळ्यांना.

बाहेर येऊन पायरीवर बसले. दिव्यांवरचा दादा, नेपथ्यातले ते दोघे... सगळे इथेच शिकायला आलेले. सगळे असेच हसणारे. आमच्या वर्गातला गप्पिष्टसुद्धा आता विचारल्याशिवाय बोलत नाही. परवा त्याला म्हटलं, तुझ्या आजोबांचा तो किस्सा सांग ना. म्हणाला, कुठले आजोबा?

टाळी. ‘आता हे तुझं’ म्हणजे खरोखरच तुझं!

३ सप्टेंबर

सरांच्या खोलीत गेले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. चोर म्हटलं. त्याहून वाईटही म्हटलं. ते चहा ढवळत शांत बसले होते, त्यानेच तळपायाची आग मस्तकात गेली. मग म्हणाले, इथे कुणी कुणाचे हात धरून टाळी वाजवत नाही. प्रयोग चांगला झाला की नटाचा हात आपोआप उठतो, तोच तर आपला धर्म. नसेल द्यायचं तर नको वाजवू.

निघून जावं का? बॅग बाहेर काढलीही होती. पण मग बाबांचं तोंड डोळ्यांसमोर आलं. ‘म्हटलं नव्हतं मी?’ असं म्हणणारं. आणि ताईने माझ्यासाठी स्वतःचं शिक्षण सोडलं, ते मी अर्ध्यात परत यावं म्हणून?

नाही जाणार. पदवी यांच्या नाकावर टिच्चून घेईन आणि टाळी वाजवणार नाही. सोपवणीच्या तासाला डायरी मांडीवर, पेन हातात. हात रिकामे ठेवायचेच नाहीत.

१७ ऑक्टोबर

जमतंय. कालही नाही वाजवली. सगळा वर्ग माझ्याकडे बघत ताटकळला, तरी मी खाली मान घालून लिहीत राहिले. काय लिहिलं? बाराखडी.

पण कोरी. माझ्यासारखी चिडते आता. कप आपटते. ताईशी फोनवर बोलत असले की शेजारच्या पलंगावर ओठ हलवत पडून असते. खोली बदलून मागितली. नाही म्हणाले.

केस विंचरत होते तर मागे येऊन उभी राहिली. वेणी घालून देऊ का म्हणे. कंगवा फेकून मारला मी.

१० डिसेंबर

सरांनी घरच्यांना बोलावलंय वार्षिक प्रयोगाला. ताई येतेय! पाच महिन्यांनी भेटणार. तिच्या शेजारी बसेन, तिचा हात हातात घेऊन. मग बघतेच कशी उठते माझी टाळी.

१३ डिसेंबर

आज प्रयोग झाला.

नुसती वेणी नव्हती. आमचं अख्खं घर होतं. कुत्रा, केरसुणी, बाबांशी भांडणं, ताईचे सगळे फोन, कोरीने पडून पडून ऐकलेले. आणि मग मागची खोली. एकटी कोरी. कधी ताई, कधी मी. वेणी सोडते आणि पुन्हा घालते, सोडते आणि—

मी पेन इतकं घट्ट धरलं होतं की टोपण तुटलं. नाही वाजवली. ओठ चावले, रक्त आलं, नाही वाजवली. जिंकले असं वाटलं मला.

आणि शेजारून आवाज आला.

ताई. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि दोन्ही हातांनी—

तिचंही होतं ना ते. जितकं माझं तितकंच तिचं. मूर्ख, मूर्ख, मूर्ख! तिला साधं सांगितलंही नाही मी. माझेच हात सांभाळत बसले.

अख्खं सभागृह टाळ्यांनी भरलं. ताई उठली आणि माझे पाय ओलांडून पुढे गेली. जाताना सॉरी म्हणाली. मला. सॉरी. परक्याला म्हणतात तसं.

१४ डिसेंबर

रंगपटात गेले होते काल. ताईने कोरीला पोटाशी धरलं होतं. मिरचे म्हणत होती.

मी ओरडले. आरशावर खुर्ची फेकली. ताई, अगं मी, मी! तिने कोरीला मागे घेतलं. मला म्हणाली, तुम्हाला बरं वाटत नाहीये का? तुमच्या घरचं कुणी आलंय का?

तुम्ही. ताई मला तुम्ही म्हणाली.

सकाळी गेली. कोरीला सांगून गेली, सुट्टी लागली की लगेच ये. सुट्टी परवा लागते.

१५ डिसेंबर, वर्गात

बॅग दारात ठेवलीय. संध्याकाळची गाडी. बाबांना फोन केला. ते ओळखतात मला! सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाले, ये, आपण दोघं मिळून बघू. आपण दोघं. बाबा असं आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. कोरीच्या आधी पोचायचं. ताईच्या समोर बसायचं, तिने हाकललं तरी उठायचं नाही. एवढा राग आहे माझ्यात की वर्षभर बसेन. हा राग आहे तोवर ताई माझी आहे. दुसरं काही उरलेलंच नाही माझ्याकडे.

सरांना तोंडावर सुनवायला आले होते. सुनावलं. त्यांनी ऐकलं, आणि कोरीकडे बघून नुसती मान हलवली.

तिने खुर्ची उचलली.

परवाची मी. रंगपटातली. हे तर मी कुणाला सांगितलंही नव्हतं, तिने फक्त पाहिलं होतं. दार उघडं आहे. उठून जावं. लिहीत राहायचं. अ आ इ ई—

ओरडत नाहीये ती. मी ओरडले होते. ती अगदी हळू म्हणतेय, ताई, अगं मी. तेच जास्त लागतंय. असं करायला हवं होतं मी. सर म्हणाले होते ना, आरडाओरड—

उ ऊ ए—

सगळे माझ्याकडे बघताहेत.

खुर्ची फेकत नाहीये. खाली ठेवली. हलकेच. त्यावर पाठमोरी बसली. स्वतःचे केस स्वतःच मोकळे करतेय, कुणी वेणी घालणारं नाही म्हणून. मेली, काय करतेय हे, किती खरं, किती सुंदर करतेय, एवढं तर मलाही कधी— थांबली. संपलं. कुणी हलत नाही. बॅग दारात आहे. गाडी. ताई. ताई. फक्त एकदा, पेन जरा बाजूला ठेव