वारा दिलेला मुरघास

आये, परवा तुझ्यासारखा हात पाहिला. खांद्यापर्यंत आत गेलेला, मान एका बाजूला वळलेली, डोळे मिटलेले. भाताच्या पेंढ्याची उडवी रचून झाली की तू तिच्या पोटात असाच हात घालायचीस. बाबा गेल्यावर ती रचायचं काम तूच घेतलंस, आणि रचल्यावर कितीतरी दिवस, भाकऱ्या टाकायच्या आधी, मागच्या अंगणात जाऊन तिची नाडी बघायचीस. आत गार लागलं की म्हणायचीस, "निजली." ऊब लागली की चूल तशीच टाकून उडवी उसकायला घ्यायचीस. ओलं झाकलं की पेटतं, हे तुझं एकच शास्त्र, आणि आपल्या भागात ते खोटं नव्हतं. गवताच्या गंज्या पेटलेल्या आपण सगळ्यांनी बघितल्यात. आता गंज्या राहिल्या नाहीत, सगळीकडे गोदामं झाली, पण धुराचा वास आला की माणसं अजून तशीच ओट्यावर येऊन उभी राहतात.

मी आता जे काम करतो ते तू गेल्यानंतरचं, तू पाहिलेलं नाहीस, म्हणून नीट सांगतो. नीट सांगायची मला खोड आहे, लोक कंटाळतात. कामतघरचे लूमवाले शेठ आठवतात ना, ज्यांच्याकडे मी ड्युटीला होतो? त्यांनी माग विकले आणि गाई घेतल्या. वडप्याच्या पुढे, हायवे सोडून आत, मोठा गोठा आहे. एवढ्या गाई की आपल्या अख्ख्या गावात मिळून कधी नव्हत्या. त्यांच्या वैरणीचा सगळा भार माझ्यावर. गाईंना बारा महिने हिरवं लागतं, आणि आपली जमीन भाताची, म्हणून मका घाटावरून ट्रकनं उतरतो. कंटेनरांच्या रांगेत अडकला तर ट्रकमध्येच तापायला लागतो, त्यामुळे गाडी निघाल्यापासून मी ड्रायव्हरचा जीव खातो. आला की कणसात नख रोवतो. दूध उडालं तर कोवळा, नख वाकलं तर जून. नखाला दाट चीक लागला पाहिजे. मग मशीनवर कुट्टी करतो, मुठीत दाबून बघतो. मूठ उघडल्यावर गोळा हळूहळू सुटला तर ठीक, पाणी गळलं तर थांबायचं. ही कुट्टी तीन बाजूंनी भिंती असलेल्या हौदात टाकतात, त्याला आम्ही बंकर म्हणतो. वीतभर थर टाकायचा, वरून ट्रॅक्टर मागे-पुढे, मागे-पुढे, कुट्टीतला वारा निघेपर्यंत. मग पुन्हा थर. भरला की वरून प्लास्टिक, आतून काळं, बाहेरून पांढरं, आणि प्लास्टिकवर जुने टायर. हायवेवरच्या पंक्चरवाल्यांकडून मी ते निवडून आणतो. टायर टायरला खेटलेला पाहिजे. मोबाईलवर लोक व्हिडिओ टाकतात, त्यात दोन टायरांच्या मध्ये माणूस झोपेल एवढी जागा. ते बघून माझं डोकं फिरतं. लांबलांबून लोक बंकर बघायला येतात, विचारतात, कुठल्या कॉलेजात शिकलात? मी सांगतो, नववीत शाळा सुटली, पुढचं सगळं स्वतः. हे सांगताना माझा आवाज थोडा चढतो, ते मला कळतं.

म्हणजे बघ, तुझ्या शास्त्राच्या अगदी उलटं. आत ओलं आणि वरून घट्ट बंद. वारा गेला तर बिघडलं. बंद राहिलं तर आंबट-गोड वास धरतं, महिनोन् महिने टिकतं. ह्याला मुरघास म्हणतात. आमचा ट्रॅक्टरवाला भैया बंकर झाकला की दरवेळी तोच विनोद करतो, "उस्ताद, गायों का अचार पड़ गया?" विनोद जुना झाला, पण बरोबर आहे. लोणचंच ते.

तुला हा शब्द नवा नाही. आपल्या घरामागे मी एक खड्डा खणला होता, आठवतं? तेव्हा मी लूमवर होतो, आठवडाभर कामतघरच्या खोलीवर आणि शुक्रवारी लूम बंद म्हणून घरी. कुठल्याशा शेती-प्रदर्शनात एक पत्रक मिळालं होतं. शिफ्टमध्ये सूत तुटायची वाट बघत मी ते इतकं वाचलं की घडीवर फाटलं. विहिरीकडेच्या तुकड्यात तुला न विचारता मका लावला, कोयत्यानं बारीक तोडला, खड्ड्यात टाकला, स्वतः नाचून नाचून दाबला. सुताच्या गठ्ठ्यांवरचं प्लास्टिक शेठकडून मागून आणलं आणि वर घातलं, त्यावर माती. तू दारात उभी होतीस. "ओला झाकतंस?" एवढंच म्हणालीस. मी म्हटलं, "तू हात लावू नको." दोन म्हशी आपल्या, पण मला तेव्हा वाटत होतं की ह्या खड्ड्यातून माझा पुढचा रस्ता निघणार आहे. कुणाला सांगितलं नव्हतं. तुलाही नाही.

पुढच्या शुक्रवारी मी येतो, तर अंगणभर मका पसरलेला. तू पदर डोक्याला गुंडाळून, आकडीनं तो उलटापालटा करत्येस. चेहरा उन्हानं काळवंडलेला, दोन्ही हात कोपरापर्यंत चिकानं माखलेले. शेजारची काकी ओट्यावर बसून दमली म्हणून वारा घेत्येय. मला बघितलंस आणि हसलीस. इतकं मोकळं हसताना बाबा गेल्यापासून मी तुला पाहिलं नव्हतं. "वाचला रं! हात घालून बघ, आजून कढत हाय. आज उपसला नसता तर पेटला आसता, घर गेला आसता आपला." काकी म्हणाली, "तुज्या आयशीन पानी पन न्हाय पिला सकालपासून." मी वाकून मूठभर उचललं. गरम होतं. पत्रकात लिहिलं होतं, पहिले काही दिवस आत ऊब राहते, मग आपोआप शमते, काळजी करू नये. तेच लिहिलं होतं, मोठ्या अक्षरांत. माझ्या खिशात होतं ते. मी तुझ्याकडे बघितलं आणि म्हणालो, "बरं केलंस, आये."

त्यातलं थोडं म्हशींनी खाल्लं, बाकीचं उकिरड्यात गेलं. खड्ड्यात पुढे तू अळू लावलंस. एकदा विचारलंस, "परत न्हाय करायचा?" मी म्हटलं, सवड नाही. मग ते काम मी परक्या गोठ्यांवर शिकलो, सुट्टीच्या दिवशी फुकट राबून. आणि तुझी ती गोष्ट मात्र गावभर झाली. हळदीला, बारशाला, कुठेही चार बायका बसल्या की निघायची. "पोऱ्या लूमवर, घरात मी एकटी, हात घातला त काय, निखारा." पहिल्या वर्षी नुसती ऊब होती. पुढे धूर आला. शेवटी शेवटी तर एक जाळ पण निघायचा, आणि तू तो पाण्याच्या हंड्यानं विझवायचीस. मी, जो दुसऱ्याच्या व्हिडिओतला टायर वाकडा दिसला तर जेवत नाही, तो शेजारी बसून ऐकायचो. "इचारा त्याला," तू म्हणायचीस. सगळ्या माझ्याकडे बघायच्या. मी मान हलवायचो.

आता परवाचं सांगतो. बंकर झाकून थोडे दिवस झालेत. आतल्या वायूनं प्लास्टिक पुरीसारखं फुगलंय, ते सुरुवातीला फुगतंच. मी सकाळची फेरी मारतो आणि भिंतीजवळच्या कोपऱ्यात थबकतो. तिथे मी नेहमी ट्रेलरचे जड टायर लावतो, आणि त्यांच्या मध्ये एक रिक्षाचा टायर बसलाय. म्हणजे कुणीतरी ते उचललेत आणि परत ठेवताना चुकलंय. प्लास्टिक उचलून बघतो, तर कडेला पांढरी बुरशी आणि वाफ. असं माझ्या बंकरला कधी झालं नव्हतं. शेठना बोलवावं लागलं. ते आले, वाकून वास घेतला, चष्मा पुसला. म्हणाले, "कोणी केलं ते सांग. नाहीतर वैरणीची सगळी टोळी बदलतो. मला गाईंशी खेळ नको." ह्या टोळीत डोंगराकडच्या पाड्यावरची माणसं आहेत. आधी वीटभट्टीवर जायची, दर पावसाळ्यात बिऱ्हाड डोक्यावर. इथे गोठ्यामागे खोल्या मिळाल्यात, पोरं एका शाळेत टिकलीत. मग दिवसा टायर बघायला मी जिला ठेवली होती, ती पुढे आली. तिचा नवरा शेण काढतो, तो तिचा पदर ओढत होता.

"मीच उघाडला," म्हणाली. "रोज दिसा, तू नसला का उघाडायची, सांजचा झाकायची."

मी भडकलो. "तुला सांगितलं होतं कुणी? टायरला हात लावायचा नाही, हे किती वेळा सांगायचं? भिंतीला सांगितलं असतं तर तिला कळलं असतं!"

ती खाली बसली, त्या कोपऱ्यात हात खुपसला, खांद्यापर्यंत. मान वळवली, डोळे मिटले. मग म्हणाली, "वरडतो काय? हात घालून बघ ना, दादा. कढत हाय. आमच्या पाड्यावर गवताची उडवी आशीच पेटली व्हती. वारा नको त्याला?"

मी तिच्या शेजारी बसलो आणि हात घातला. कढत होतं. तिनं पहिल्या दिवशी वारा दिला, वाऱ्यानं ते तापलं, तापलं म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं जास्त वारा दिला. रोज जीव लावून बिघडवत होती.

मी तिला तिथेच बसून सांगितलं. हे सुकं गवत नाही, लोणचं आहे. बरणीच्या फडक्याचा दादरा सारखा सोडला तर लोणच्याला बुरशी येते, तसं. ती म्हणाली, "लोनचा कवा पेटतो?" म्हटलं, तेच सांगतोय, हे पेटत नाही, आत वाराच नसेल तर पेटणार कसं? तिनं हात बाहेर काढून पदराला पुसला. "म्हंजे मीच तापवला?" मी म्हटलं, हो. मला वाटलं ती रडेल. पण तिचा चेहरा रागानं फुलला. ती माणसं सगळ्यांना तू-च म्हणतात. "मंग आदी का न्हाय सांगला? टायर ठेव, टायर नको उचलू, येवढाच बोलतो तू. कशाला, त्यो कोन सांगेल? माना काय डोका न्हाय?"

ट्रॅक्टरवाला हसला. मी हसलो नाही. शेठ माझ्याकडे बघून म्हणाले, "बोल. माल तुझा, जबाबदारी तुझी." मी म्हटलं, ही राहील, टोळी राहील. बिघडलेलं मी आणि ती काढू, आणि ह्यापुढे टायरांवर हीच. चूक हाताची नाही, न सांगितलेल्या कारणाची आहे. शेठ जाता जाता म्हणाले, "इसको बोल, अगली बार आग दिखे तो पहले मेरेको फोन करे." आम्ही दोघांनी दुपारपर्यंत तो कोपरा खरवडला, हिरवं-पिवळं लागेपर्यंत. परत दाबून, प्लास्टिक ओढून, भिंतीच्या कडेला मातीच्या गोण्या लावल्या. बाकीचा बंकर वाचला. काढताना ती विचारत होती आणि मी सांगत होतो. चीक का, वीतभरच थर का, पांढरी बाजू वर का. एकही गोष्ट तिला दुसऱ्यांदा सांगावी लागली नाही. आता कुणी प्लास्टिकजवळून नुसता गेला तरी ती खालून ओरडते.

तेव्हापासून तिचा प्रश्न माझ्या मागे आहे. आधी का नाही सांगितलं? मी इतकी वर्षं समजत आलो की अंगणात त्या दिवशी मी तुझा मान राखला. माझा खड्डा गेला तो गेला, पण तू हसत होतीस. ते खोटं नाही. पण तू उडवीच्या पोटात हात घालून ती निजली की जागी हे सांगणारी बाई. लोणच्याची बरणी मी लहानपणी उघडली तर पळी फेकून मारलीस, "मुरताना बघायचा नस्तो!" तुला एका वाक्यात कळलं असतं. कदाचित मला शिव्या दिल्या असत्यास, आणि पुढच्या मोसमात तो खड्डा आपण दोघांनी मिळून भरला असता. कडा तू दाबल्या असत्यास. हे मी त्या कोपऱ्यात गोण्या लावताना पहिल्यांदा मनात आणलं.

म्हणून लिहायला बसलो. ते पेटणार नव्हतं, आये. ऊब येते आणि जाते. तू राहू दिलं असतंस तर ते शमलं असतं.

लिहिलं खरं. पण तुला वाचता येत नव्हतं. मामाची पत्रं यायची ती मीच वाचून दाखवायचो, चुलीसमोर बसून, आणि त्यात मामीनं तुझ्याबद्दल काही वेडंवाकडं लिहवून घेतलेलं असलं की ती ओळ गाळून पुढे जायचो. तू म्हणायचीस, "थांबलास का?" मी म्हणायचो, अक्षर लागत नाही. हे पत्र तुझ्यापर्यंत कसंही पोचलं, तरी वाचून दाखवायला मीच लागणार. माझं अक्षर स्वच्छ आहे, सगळे म्हणतात. आणि तरी मला माहीत आहे, त्या ओळीपाशी आलो की मी थांबणार, आणि पुढच्या ओळीवर जाणार.