उघडणारी जोडी

सोमवार, ३ जून
आज लिलावघरात रुजू झालो. आजवर फुटपाथवर ओरडून माल विकला, आता गादीच्या खुर्चीवरून लोकांची जुनी कपाटं विकायची. इथली रीत मजेशीर आहे. नव्या माणसाने बोली पुकारणाऱ्या मुख्य पुकारवाल्याच्या पाठीशी बसायचं आणि त्याच्या श्वासाबरोबर श्वास घ्यायचा. या पुकारवाल्याला, गळा गोड म्हणून, सगळे ‘मधाचं बोट’ म्हणतात. माझे कान तिखट. पहिल्याच दिवशी त्याचा दम पकडला.

गुरुवार, १३ जून
बायको लिलाव पाहायला आली होती. घरी येऊन म्हणाली, तुम्ही वस्तू विकता, तुमचे ते पुकारवाले वस्तूला बोलतं करतात. जेवण गेलं नाही.
माझा साडू घशाचा डॉक्टर. त्याला विचारलं, त्या गळ्यात असं आहे काय? म्हणाला, सगळ्यांच्यात असतं तेच. श्वासाची वाट मिटणारे स्नायू पुष्कळ, उघडणारी जोडी एकच. म्हटलं, आमच्या घरासारखंच. दार आपटायला सगळे, उघडायला मी.

शनिवार, २२ जून
शिकवणी संपली, तरी त्याच्या मागची जागा सोडली नाही. तो गळा माझा करूनच उठणार.
आज त्याने जड पेटी उचलताना दम कोंडला. मी पार दुसऱ्या टोकाला, पाठमोरा. माझाही कोंडला.

मंगळवार, २ जुलै
त्याचा आवाज बसलाय. साडूने तपासलं, म्हणाला, गाठ आहे. काढली तर आवाज परत येईल, कदाचित येणारही नाही. मीच त्याच्या मागे लागलो, काढून टाका, उशीर नको. बायको म्हणाली, किती हो जीव लावता त्यांना. मान डोलावली.

गुरुवार, ४ जुलै
घरी बसूनही माझा श्वास अडकतो. त्याला फोन लावून पाहिला. तिकडे ठसका, इकडे माझी वाट बंद.
साडूला सांगितलं, तर हसला. बोलता बोलता म्हणाला, उद्या ऑपरेशनला भूल देताना त्याचे स्नायू सैल पाडणार, ती जोडीसुद्धा. काळजी नको, त्याच्या घशात नळी असते.
त्याच्या.

शुक्रवार, सकाळ
धावत दवाखान्यात — त्याला आत घेतलंय. साडूही आत. बायको माझ्याआधी इथे, त्याचा मफलर मांडीवर —
म्हणाली, गप्प बसा, त्यांचं नीट होऊ दे —
शब्द फुटत नाही. वही तिच्यापुढे धरतो — नळी मला — आधी मला —
वाचत नाही. त्या दाराकडेच बघ