डाव्या खांद्याचं माप

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी खुर्ची ओढून बस, मग पुढचं वाच. काल जेवता जेवता बाबांनी मला सांगितलं की गाडीला खांद्याचे पट्टे बसवून दे. माझा घास हातातच राहिला. हेच ना आपले बाबा, जे म्हणायचे की बांधून ठेवायचं ते सामान, माणसं नव्हेत? तू रडून-भेकून कमरेचे पट्टे बसवायला लावलेस, तेव्हा आठवडाभर त्यांनी अबोला धरला होता.

मी कारण विचारलं. आयुष्यभर दातांचे डॉक्टर म्हणून लोकांना तोंड उघडायला लावलं, पण स्वतः तोंड उघडतील तर शपथ. आता वय झालं, एवढंच म्हणाले. ताई, बाबा आपण होऊन वय झालं म्हणाले, याचाच मला जास्त धक्का बसला आहे.

काम वाटतं तेवढं सोपं नाही. बंद गाडीत दारामागे खांब असतो, पट्ट्याचं वरचं टोक तिथे अडकवतात. आपली लाल राणी पडली उघडी, छप्पर कापडाचं. खांब आणायचा कुठून? सीटमागे खाली जमिनीलाच पट्टा बांधला तर धडकेत तो खांदा खाली दाबतो आणि पाठीचा कणा जायबंदी होतो, असं गॅरेजवाला सांगतो. म्हणजे दोन्ही सीटमागे जाड नळीची कमान उभी करायची आणि ती थेट गाडीच्या खालच्या सांगाड्याला, चॅसीला, वेल्ड करायची. बाबांना ही कमान दाखवायची म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालणं, असं मला वाटत होतं. त्यांनी चित्र बघितलं आणि नुसती मान हलवली. गाडीच्या रूपाबद्दल चकार शब्द नाही.

तुझी लेक मनी ठीक आहे. हल्ली जरा गप्प असते, पण कॉलेजच्या परीक्षा आल्या की तिचं तसंच होतं.

लोभ आहेच, वाढवलास तर तक्रार नाही.
तुझा धाकटा

ता. ९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, तरी खरं वाटेना. पश्चिमेला सूर्य उगवला म्हणायचं. वॉर्डातल्या सगळ्या नर्सना मी वाचून दाखवलं. आमच्या अपघात विभागात रोज कोणी ना कोणी मोडून येतं, आणि त्यातल्या निम्म्यांनी पट्टा बांधलेला नसतो. मी किती वर्षं बाबांच्या कानीकपाळी ओरडले. आता अक्कल आली, तर देर आये म्हणून गप्प बसते.

पण मनात पाल चुकचुकते आहे. बाबा उगाच बदलणाऱ्यांतले नाहीत. प्रकृती बरी आहे ना? काही लपवत असतील तर तू लक्ष ठेव. तू मेला गाड्यांच्या गाद्या शिवण्यात मान घालून बसलास की शेजारी घर पेटलं तरी तुला कळायचं नाही.

आणि पट्टे बसेपर्यंत मनीला त्या गाडीत बसू देऊ नकोस. मला एकच लेक आहे. शिकायला म्हणून आजोबांकडे ठेवली, ती काळजावर दगड ठेवून. तिने मागे गाडी शिकायचा हट्ट धरला होता तेव्हा मी साफ नाही म्हटलं, ते रोज जे बघते त्यापायीच. हे तिला पुन्हा एकदा बजाव.

काम झालं की लगेच लिही, आणि तिथल्या सगळ्यांना सांभाळ.
तुझी ताई

ता. १९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. सगळे जिवंत आहेत आणि चालते-फिरते आहेत, हे आधी वाच.

कमान उत्तम बसली. छप्पर दुमडताना तिला अडायला लागलं, म्हणून मी कापड उसवून पुन्हा बेतलं. आज मापं घ्यायची होती. बाबांना स्टिअरिंगमागे, उजव्या सीटवर बसवलं, पट्टा उजव्या खांद्यावरून घेतला. झकास. डाव्या पट्ट्यासाठी मनीला हाक मारली, तर अभ्यास आहे म्हणून ती आलीच नाही. मग बाबांनाच डाव्या सीटवर बसवलं. पट्टा डाव्या खांद्याला टेकतो न टेकतो तोच ते असे ओरडले की माझ्या हातून बकल निसटलं. बाबांना ओरडताना मी जन्मात ऐकलं नव्हतं.

थंडीने खांदा धरलाय, असं मला कितीतरी दिवस सांगत होते. सदऱ्याची बटणं काढली तर गळ्यापासून दंडापर्यंत पिवळंकाळं पडलेलं. तसंच त्यांना डॉक्टरकडे नेलं. गळ्याखालचं हाड तडकलं आहे, आणि ते आजचं नाही. हात गळ्यात बांधून दिला.

डॉक्टरांच्या बाकावर बसून त्यांनी सांगितलं. मागच्या महिन्याच्या अखेरीस कालव्याच्या रस्त्यावर कुत्रं आडवं आलं आणि गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. आपणच चालवत होतो, म्हणाले. मग म्हणाले, मनी शेजारी होती. तिला खरचटलंसुद्धा नाही, हे घरी आल्यावर मी स्वतः तिला उभी करून बघितलं आहे. ती नुसती रडते, बोलत काही नाही. पुढचा दिवा नवा दिसला तेव्हा मी विचारलं होतं, तर जुन्याची काच गेली म्हणून मला वाटेला लावलं होतं.

घाईत लिहिलं आहे, अक्षराला हसू नकोस.
तुझा धाकटा

ता. २४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
नमस्कार. शिरसाष्टांग लिहायला आज हात वळत नाही.

धाकट्याचं पत्र वॉर्डात उभ्यानेच वाचलं. माझी मुलगी त्या गाडीत होती. कठडा मोडला असता तर खाली कालवा होता. आणि तुम्ही एवढे दिवस मला तिच्या गुणांची आणि सर्दीची खबर लिहीत होतात.

तुमची नजर गेली आहे, हातापायांना पूर्वीचा वेग राहिलेला नाही. हे सगळ्यांना दिसत होतं, फक्त तोंडावर बोलायची कोणाची छाती नव्हती. मी आज बोलते. माझं मूल तुमच्या हातात सुखरूप नाही. गाडीची किल्ली धाकट्याकडे द्या आणि पुन्हा तिला हात लावू नका. मनीला मी परीक्षा झाल्यावर इकडे घेऊन येणार आहे.

हाडाची काळजी घ्या. याहून जास्त आज लिहवत नाही.
आपली थोरली

ता. १ मार्च

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आजोबांनी गॅलरीत बसून वाचलं. घडी घातली, आत गेले आणि किल्ली मामाच्या शिवणयंत्रावर ठेवून आले. तेव्हापासून ते घराबाहेर पडलेले नाहीत. काल दाढीचा साबण संपला तर तो आणायलासुद्धा मामाला विचारलं, मला जमेल का रे, म्हणून. आई, मला ते बघवलं नाही.

गाडी मी चालवत होते.

तू नको म्हणालीस म्हणून मी आजोबांच्या मागे भुणभुण लावली होती. शेवटी ते कालव्याच्या रिकाम्या रस्त्यावर शिकवायला लागले. ते फार कडक शिकवतात, आरशात बघायला मी विसरले तर गाडी तिथेच उभी करून पहिल्यापासून. त्या दिवशी कुत्रं आलं आणि मी ब्रेकऐवजी दुसरंच पेडल दाबलं. आजोबा डाव्या सीटवर होते. ते सबंध माझ्याकडे वळले आणि उजव्या हाताने मला सीटवर दाबून धरलं. मी स्टिअरिंगच्या चाकावर आपटले नाही ती त्यामुळे. वळल्यामुळे त्यांचा डावा खांदा समोरच्या फळीवर आदळला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

उतरल्यावर त्यांनी आधी माझे दात तपासले. मग म्हणाले की चालवत ते होते. मी नाही म्हटलं तर रागावले. तुझ्या आईला कळलं तर तुझं शिक्षणही जाईल आणि चालवण्याची भीतीही जन्मभर जाणार नाही, माझं आता काय जायचं आहे, असं म्हणाले. मी भित्री, मी ते ऐकलं. डॉक्टरांकडे त्यांनी मामाला खोटं सांगितलं, ते मामाने घरी येऊन विचारलं तेव्हाही मी खरं सांगितलं नाही.

तू मला घेऊन जा, हवं तर मार. पण ती किल्ली त्यांना परत द्यायला मामाला लिही. आत्ताच्या आत्ता लिही.

रागावलीस तरी माझीच राहा.
तुझी मनी

ता. १४ मार्च

चि. सौ. थोरलीस,
अ. उ. आ.

तुझं चार पानी पत्र पोचलं. इतकी माफी एका वेळी मागू नये, पुढच्या खेपेला उरत नाही. हाड जुळतं आहे. तुझ्या लेकीने मला दिलेलं वचन मोडलं म्हणून मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मलाच करमेना.

तू लिहितेस की मी मोठा त्याग केला. तसं काही नाही. खोटं बोलणं मला अवघड जाईल, असं वाटलं होतं. धाकटा शिवणकामातला माणूस, एका खांद्याचा दोन सुतांचा फरक त्याला डोळ्यांनी कळतो, तो विचारील. आणि तू तर रोज अपघाताची माणसं हाताळतेस. चालवणाऱ्याची छाती चाकावर आपटते, हे मी तुला सांगायला नको. डावा खांदा कसा मोडला, हा प्रश्न तुझ्या पत्रात येईल म्हणून मी उत्तर तयार करून ठेवलं होतं.

कोणी विचारलंच नाही. म्हातारा चालवत होता म्हटल्यावर तुम्हा दोघांचंही एका क्षणात समाधान झालं. हाड मोडल्यावरही मी उभा राहिलो होतो. हे कळलं तेव्हा मात्र मला बसावं लागलं.

डोळे तपासून घेतले. चष्म्याचा नंबर थोडा वाढला आहे, चालवायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी धाकट्यासमोर सांगितलं. हात मोकळा झाला की पुन्हा मनीला शिकवायला घेईन. तुझी परवानगी हवी आहे, या वेळी मागून घेतो.

पट्टे दोन्ही बसले. कमान वाईट दिसते, पण बसल्यावर मागे असते, त्यामुळे आपल्याला दिसत नाही. परवा धाकट्याने तुझी उंची आठवून डावा पट्टा तुझ्या मापाचा करून ठेवला. उजवा माझ्या मापाचा आहे. सुट्टीत येशील तेव्हा स्टेशनवर मीच गाडी घेऊन येणार आहे. शेजारी बसायचं, की सामान गाडीत ठेवून रिक्षाने मागून यायचं, ते तिथे ठरव.

माझा लोभ आहे तसाच आहे. तुझ्या विश्वासाचं मला स्टेशनवर कळेल.
बाबा