आधी लोकांत उतरला

सोमवार, २ डिसेंबर

विसरलीस ना? काल दुपारभर तुझ्यापाशी बोलले, आणि आज फोनातल्या बाईला म्हटलं वाचून दाखव, तर एक शब्द नाही! कोरी करकरीत. बटण दाबायचं राहिलं असेल, असं ओवी म्हणते. माझं राहिलं का तुझं, ते देवाला ठाऊक. आमच्या घरात एक विसरभोळा आहे तो पुरे होता, वहीबाई. त्यात तुझी भर!

ओवी माझी नात. पुण्याला शिकते. दिवाळीत आली तेव्हा फोनात ही वही उघडून दिली — माईकच्या चित्रावर बोट ठेव आज्जी, बोल, आपोआप लिहिलं जातं. मला अक्षर येत नाही. कागदावर जन्मभर अंगठा उठवला. आता अंगठ्यानंच लिहिते म्हण की! मी ‘हाय’ म्हटलं तर तू कधी हाय ठेवतेस, कधी ‘आहे’ करून टाकतेस. शाळेत गेलेली दिसतेस.

तर कालचं परत सांगते. नीट धर. उपासना सुटल्यावर नवे पाळकसाहेब देवळाच्या दारात सगळ्यांशी हात मिळवत उभे होते. माझा हात सोडेचनात. म्हणाले, ‘सारजाआजी, बावीस तारखेला बाप्तिस्मे आहेत. आबांचं यंदा करून घेऊ. वेळ थोडा आहे.’

वेळ थोडा आहे हे आमच्या म्हाताऱ्याकडं बघून कुणीही सांगेल. त्यासाठी सेमिनरीत कशाला जावं लागतं?

बुधवार, ४ डिसेंबर

म्हातारा म्हणजे आमचे हे — रामहरी. आमचा अर्धा समाज ख्रिस्ती, अर्धा नाही. मी ह्या अर्ध्यातली, तो त्या. लग्न झालं तेव्हा माझ्या बापाला वाटलं, वर्षभरात जावई पाण्याखाली येईल. आला नाही.

गंमत बघ! माणूस कालव्यावर पाटकरी. सणसरच्या चारीवर जन्मभर लोकांना पाणी सोडलं — ह्याच्या उसाला, त्याच्या मक्याला, पाळीपाळीनं. आणि स्वतःच्या डोक्यावर ओंजळभर घालू दिलं नाही.

दर रविवारी सायकलच्या कॅरेजवर बसवून मला बारामतीला आणायचा. मी आत, हा बाहेर लिंबाखाली. आत गाणं सुरू झालं की बाहेर मान हलायची. मी खिडकीतनं बघायची. तेव्हाचे पाळक हाक मारायचे, ‘रामहरीराव, आत कधी येणार?’ हा म्हणायचा, ‘माझी पाळी आली की.’

एकदा मी लई भांडले. म्हटलं, वर काय मी एकटीनं जायचं? तर म्हणाला, ‘सारजे, तुझा देव चांगला हाय. पण माझ्या आईबापाला त्याचं कुणी सांगितलंच न्हाय. त्यांची पाळी चुकली, आन् मी म्होरं घुसू? ती जिकडं गेली तिकडं मी जाणार. न्हाय म्हणजे न्हाय.’

तेव्हा त्याला न्हाय म्हणता येत होतं.

गुरुवार, ५ डिसेंबर

मेथी निवडली. उन्हात बसलो दोघं. बाकी काही नाही, आणि काही नव्हतं ते बरं होतं.

शनिवार, ७ डिसेंबर

साहेब घरी आले. बरोबर युवराज — माझा थोरला. देवळाच्या पंचांत आहे, म्हणून घरातही पंचासारखाच बसतो. सून सुप्रिया डबा घेऊन आलेली. ती दोघं दोन गल्ल्या पलीकडं राहतात. भाकरी मी थापते, कालवण ती पाठवते.

साहेब खाली फरशीवर बसले, म्हाताऱ्याचा हात हातात घेतला. ‘आबा, प्रभू येशूवर विश्वास ठेवता?’

‘व्हय.’

युवराजच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही — खोटं कशाला बोलू? जन्मभर ह्या एका शब्दासाठी कान टवकारले होते. साहेबांनी खिशातनं पेन काढलं. म्हटलं, थांबा.

‘अवो, रावणावर भरवसा हाय का?’

‘व्हय.’

‘मला सोडून दुसरी करता का?’

‘व्हय!’ — हे जरा जोरात.

सुप्रिया तोंड दाबून आत पळाली. वर्ष झालं, म्हाताऱ्याकडं एवढा एकच शब्द उरलाय. ऊन पाहिजे? व्हय. सावली पाहिजे? व्हय. त्याला मी रोज उन्हातनं सावलीत आणि सावलीतनं उन्हात नेते.

‘आये, चेष्टा नको,’ युवराज म्हणाला. ‘जागेचा प्रश्न हाय.’

प्रश्न असा. देवळाच्या दफनभूमीत माझी जागा राखून ठेवलीय, माझ्या आईच्या उशाशी. शेजारची रिकामी आहे. ती म्हाताऱ्याला मिळेल, पण बाप्तिस्मा असेल तर. नाहीतर तो कुठं, मी कुठं. ‘आणि मातीचं सोडा आजी,’ साहेब म्हणाले, ‘मातीच्या पुढचं काय? बाप्तिस्मा नाही, म्हणजे...’ पुढचा शब्द त्यांनी गिळला. चांगल्या घरचं पोरगं आहे.

मग म्हणाले, सराव करू. रविवारी आपण उभ्यानं विश्वासाचा अंगीकार म्हणतो, तो तुम्ही म्हणा, आबा ऐकतील. मी काय, उठले आणि खणखणीत सुरू केलं. मरण पावला, पुरला गेला, आधी लोकांत उतरला —

‘आजी, परत म्हणा?’

‘आधी लोकांत उतरला.’

साहेबांना हसू आवरेना. ‘आधी लोकांत नाही हो! अधोलोकात. अधो म्हणजे खाली. मेलेल्यांचं जग.’

युवराज फरशीकडं बघत होता. लहानपणापासून माझा पदर धरून देवळात उभा राहिला. आई काय म्हणते ते त्यालाही कधी ऐकू आलं नव्हतं.

रविवार, ८ डिसेंबर

आज त्या ओळीला मी तोंड मिटलं. सगळी मंडळी अधोलोकात उतरून वर आली, आणि मी आपली मधेच उभी.

लाज वाटली असं नाही. चुकामूक झाल्यासारखं वाटलं. मला येशू नेहमी यष्टीतनं उतरताना दिसायचा. पुरला गेला, मग फाट्यावर उतरला. हातात पिशवी. घरी बाप वाट बघतोय, पण हा आधी लोकांत जातो — ह्याच्या ओट्यावर टेक, त्याच्या म्हशीची चौकशी कर. गावातलं चांगलं माणूस असंच घरी पोचतं. उशिरा.

आता त्याला कुठं उतरवू?

मंगळवार, १० डिसेंबर

दुपारी अंगणात उन्हात डोळा लागला.

माहेरच्या गावची बारव दिसली. लहानपणी आम्हाला तिच्या पायऱ्या उतरू देत नसत. घागर काठावर ठेवायची, कुणाला दया आली तर तो वरून ओतायचा. मी वाकून वाकून बघायची — खाली हिरवी सावली, कबुतरांचं घुमणं, पाण्यावर आभाळाचा तुकडा. स्वप्नात अडवायला कुणी नव्हतं. उतरले. पायाला दगड गार लागत होते. पायऱ्या संपत नव्हत्या, आणि संपाव्यात असं वाटतही नव्हतं.

तळाशी माणसं बसलेली. पंगत बसायची वाट बघतात तशी, भिंतीला टेकून. माझी सासू होती. सासरा तंबाखू मळत होता, त्यानं मला चिमूट पुढं केली — जिवंतपणी कधी केली नव्हती! आणि मधोमध एक माणूस, धोतर खोचलेलं, हातात फावडं, पाण्याला वाट करून देत होता. पाठमोरा. मला वाटलं आमचाच. हाक मारली, अवो! त्यानं वळून बघितलं. तोंड काही आठवत नाही. फावड्याच्या दांड्यावरचा हात तेवढा आठवतो. तळव्याला जखम होती, आणि त्या हातानं तो काम करत होता.

जागी झाले तर म्हातारा शेजारी खाटेवर, ऊन त्याच्या कानातनं लाल दिसत होतं. आणि मला एकदम टेल आठवलं.

टेल म्हणजे चारीचं शेपूट. जिथं पाणी पोचता पोचत नाही ते शेवटचं रान. तोंडाशी ज्यांची रानं, ते काठ्या घेऊन यायचे — रामहरी, दार उघड, आमचं आधी भिजू दे! हा चारीच्या दारावर बसून राहायचा. ‘आधी टेल. तितं पोचलं की मग मागं मागं येणार. तोंडाला काय, कवाबी मिळतंय.’ एकदा डोकं फोडून घेतलं, पण दार उघडलं नाही.

मग? पुरला गेला. वर बापाकडं जायचं सोडून आधी कुठं गेला? टेलला! ज्यांची पाळी चुकली त्यांच्याकडं! साहेब म्हणतात अधोलोकात, मी म्हणते आधी लोकांत. मेलेली असली म्हणून काय झालं, लोकंच ना ती?

म्हणजे मी चुकीचं म्हणत नव्हते. फक्त तो कुठल्या फाट्यावर उतरतो ते मला माहीत नव्हतं.

शुक्रवार, १३ डिसेंबर

म्हातारा माझ्याकडं बघून हसला आणि म्हणाला, व्हय. मी काहीच विचारलं नव्हतं.

रविवार, १५ डिसेंबर

आज बोलून टाकलं. देऊळ रिकामं झालं तरी मी बाकावरच. साहेब शेजारी येऊन बसले.

‘साहेब, तो तितं उतरला तवा तितल्या लोकांकडं काय मागितलं त्यानं? बाप्तिस्म्याचा दाखला?’

‘आजी, ह्यावर मोठमोठ्या लोकांची मतं वेगवेगळी आहेत...’

‘मोठ्यांचं ऱ्हाऊ द्या. तुमचं?’

साहेबांनी मागं वळून बघितलं. शिपाई सतरंज्या गुंडाळत होता. मग हळू आवाजात म्हणाले, ‘माझ्या आईची आई. तिनंच मला वाढवलं. तिचा बाप्तिस्मा नव्हता.’

‘मग कुठं हाय ती?’

चष्मा पुसायला लागले. पुसून झाला तरी पुसत होते. ‘अभ्यास करून सांगतो, आजी.’

‘करा. मी तवर म्हाताऱ्याला राखते.’ आणि म्हटलं, बावीसला त्याचं नाव लिहू नका. चोरून घेतलेला व्हय देवाला काय करायचाय? तसले त्याच्याकडं ढिगानं पडले असतील.

परतताना गाडीत युवराज तडकला. ‘मग आबांना कुठं ठेवायचं?’

‘सणसरला. बांधावर, त्याच्या आईबापाशेजारी.’

‘आन् तू?’

‘मी आईजवळ लहानपणी निजले की. म्हातारपणी नवऱ्याजवळ निजते. माझी जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या.’

त्यानं गाडी कडेला घेतली. उसाचा एक ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून डुलत डुलत गेला. तो जाईपर्यंत पोरगं रडून घेत होतं. मागं बसलेली सुप्रिया म्हणाली, ‘अहो, आत्या बरोबर बोलतायत.’ पहिल्यांदाच म्हणाली. मी ऐकलं नाही असं दाखवलं. लाडावून ठेवायला नको.

शुक्रवार, २० डिसेंबर

बोलायला सोपं होतं. म्हातारा दोन दिवस खोकतोय. पाठ चोळताना हाताला नुसती हाडं लागतात, आणि मनात येतं — मी चुकत असले तर? मी अडाणी बाई. चुकीच्या ऐकलेल्या एका शब्दावर नवऱ्याला खाली सोडायला निघाले! चार थेंबांचा तर प्रश्न.

रविवार, २२ डिसेंबर

देवळात गेले नाही. तिकडं पाणी चालू असेल त्याच वेळेला म्हाताऱ्याची आंघोळ काढली. अंग पुसून झालं. मग माठातनं तांब्या भरून घेतला. घरात कुणी बघत नव्हतं. बघणारा बघत होता.

म्हटलं, ‘अवो, घालू का? बापाच्या नावानं? माझ्यासाठी?’ काय म्हणणार ते मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून तर विचारलं. तांब्या डोक्यावर नेला.

म्हाताऱ्यानं माझं मनगट धरलं. माझ्या डोळ्यांत बघितलं, पार आत, चारीचं दार लावताना बघायचा तसं.

‘न्हाय.’

मी गार!

‘न्हाय, सारजे. गार हाय.’

वर्षानं माझं नाव घेतलं. तो न्हाय पाण्याला होता का देवाला, ते मी विचारलं नाही. तांब्या जास्वंदीच्या बुडाशी ओतला आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून हसले, मग डोळ्यांचंही काय ते झालं.

वहीबाई, हे तरी विसरू नको. बटण मी दाबलंय. आणि सुप्रियाला निरोप सांग — उद्याच्या डब्यात हुलग्याचं माडगं पाठव. लसूण जास्त टाक. आणि गरम पाठव बाई, त्याला गार चालत न्हाय.